योग्य ती काळजी

निडी, ता. रोहा
३० ऑगस्ट २०२५

चि. जितेश यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. घरचे गणपती आनंदात आहेत, उद्या गौरी येतील. मालूने पाठवलेले पोह्याचे पापड पहिल्याच दिवशी संपले. डबा सोबत परत पाठवते आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र विशालच्या हाती रामवाडीला धाडते. पत्र वाचून झाल्यावरच त्याच्याबरोबर चहा घे. चहा आधी झाला की कागद बाजूला पडतो, हा तुझा जुना नेम मला ठाऊक आहे.

प्रथम एक कोडे घालते. सणाच्या दिवसांत आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर गणपतीचे चित्र असलेले ढीगभर संदेश येतात. आपण सगळ्यांना जोडलेले हात पाठवतो. आता खरे सांग, त्यांतला एक तरी संदेश तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचलास का? उत्तर तर दिलेस. न वाचलेल्या पत्राला माणूस इतक्या आनंदाने उत्तर कसे देतो?

याचे कारण मी रोह्याच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे वाणिज्य पत्रव्यवहार शिकवताना पहिल्याच तासाला सांगत असे. वाचणारा मजकुराकडे नंतर वळतो. हा कागद कशाचा आहे, हे तो आधी ठरवतो. निमंत्रण, वर्गणी, शुभेच्छा, तक्रार. एकदा 'शुभेच्छा' असा शिक्का मनात बसला की पुढच्या ओळी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

तुझ्या मूर्तींच्या कारखान्याचे पत्र आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आले. अध्यक्ष दत्तात्रेय याने त्याची रंगीत प्रत काढून मंडपात देणगीदारांच्या फलकाशेजारी लावली आहे, भोवती जरीची किनारही चिकटवली आहे. मी त्याला विचारले, "पेणहून आलेलं पत्र वाचलंस का रे?"

"वाचलं ना बाई! जितेशशेठ दर साली आठवणीनं पाठवतात. चित्र कसलं भारी हाय!"

"त्यात काय लिहिलंय?"

"शुभेच्छा," तो म्हणाला आणि माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी निवृत्तीनंतरही तोंडी परीक्षा घेत हिंडते आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. मालूने मला फोन केला होता. तिच्यावर रागावू नकोस, ती फार घाबरली होती. "ताई गो, कारखान्यात राहिलेली मोठी मूर्ती दोघांनी टोकाला धरून उचलाय घेतली, तर पाट मधीच उघडला. मूर्ती भिंतीला टेकली म्हणून काळुरामदादांचा पाय वाचला. औंदा मोठ्या मूर्तींचे सगळे पाट तसलेच हायत. हे सांगतात, पत्र धाडलंय. पन पत्रात पाटाचं नावच नाय गो." यंदा अखंड रुंद फळी मिळाली नाही म्हणून मिस्त्रीने दोन फळ्या जोडून पाट केले, लाकूड ओले होते, ते वाळले तसा सांधा सुटू लागला, हेही तिनेच सांगितले.

त्यानंतर मी तुझे पत्र पुन्हा वाचले, यावेळी परीक्षकाच्या नजरेने. वर श्री, खाली आपल्या कारखान्याची सर्वांत देखणी मूर्ती. पहिल्या परिच्छेदात सणाच्या शुभेच्छा. दुसऱ्यात आजोबांपासून चालत आलेली परंपरा. तिसऱ्यात मंडळाच्या विश्वासाबद्दल आभार. मग, अगदी 'लोभ असावा'च्या वर, एकच वाक्य: 'तरी विसर्जनसमयी मूर्ती हाताळताना योग्य ती काळजी घेण्यात यावी, ही नम्र विनंती.'

जितेश, हे वाक्य फार सभ्य आहे आणि त्याने कोणाचाही जीव वाचणार नाही. काळजी कोणी घ्यायची, हे त्यात नाही. कशाची घ्यायची, हे नाही. 'योग्य ती' म्हणजे कोणती, हे ज्याला ठाऊक आहे तो पेणला बसला आहे आणि ज्याच्या खांद्यावर वजन येणार तो इथे आहे.

तुझ्या हातून असे का झाले, याचाही मी विचार केला. तू सुरुवात पाटापासून करतोस, अंग घडवतोस, रंग देतोस, दागिने चढवतोस आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी करतोस. आखणी झाली की मूर्ती पाहू लागते. पत्रही तू तसेच घडवलेस, महत्त्वाचे ते शेवटी. मूर्तीसाठी तो क्रम बरोबर आहे, कारण मूर्ती पुरी झाल्यावरच लोक बघायला येतात. पत्राचा वाचक मात्र पहिल्या ओळीलाच येतो आणि बहुधा तिथूनच परततो. म्हणून पत्रात डोळे आधी रेखायचे: काय घडले आहे, वाचणाऱ्याने काय करायचे, केव्हापर्यंत. आभार, परंपरा, लोभ यांना नंतर जागा आहे, आणि नसली तरी चालते.

तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत सर्व मंडळांना दुसरे पत्र जाऊ दे. साध्या पांढऱ्या कागदावर, चित्राशिवाय. पाट जोडाचा आहे, सांधा सुटतो आहे आणि चूक आमच्या कारखान्याची आहे, एवढे त्यात स्पष्ट यावे. फोनही कर, परंतु फोन घेतो अध्यक्ष आणि मूर्ती उचलतात दुसरेच. कागद हातोहात फिरतो.

आमच्या मंडळातही मी अजून काही बोललेले नाही, उद्या संध्याकाळपर्यंत तुझी वाट पाहीन. बहिणीच्या तोंडून निघाले तर ती भावकीची कुजबुज होईल. तुझ्या सहीने आले तर ती सूचना ठरेल. इथली मूर्ती अनंत चतुर्दशीला निघते, पण गडब गावच्या मंडळाची गौरीबरोबरच निघते, हे ध्यानात घे.

इथे मुले मूर्ती खालून खांद्यावर घेतात. पाटाच्या मधोमध, जिथे सर्वांत जास्त वजन येते, तिथे एकजण उभा राहतो. दरवर्षी तोच असतो. असो.

मालूला व भूमिकाला आशीर्वाद.

तुझी,
नमिताताई


रामवाडी, पेण
३१/८/२५

ती. नमिताताईस,

साष्टांग नमस्कार. विशालला चहा आधीच दिला. मालूनं पोरगं दारात उभं ठेवलं नाय, त्याला मी काय करू?

तुझं पत्र वाचलं. भूमिकाच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर सोयऱ्यांसमोर लाल पेन मारलास, तेव्हा मी गप्प बसलो. आता धंद्याच्या कागदावर पण मारलास. तू वर्गात शिकवलंस ताई, तिथं चूक झाली तर मार्क जातात. इथं कारखान्यात बावीस बायामाणसं रंगाला बसतात. 'चूक आमची' असं कागदावर सही करून दिलं तर पुढच्या साली दारात कोण येईल? कागद एकदा गेला की तो सगळ्या जिल्ह्यात फिरतो, हे तूच लिहिलंयस.

आणि दुसरी गोष्ट तू विसरलीस. तू पण याच कारखान्यात माती मळून मोठी झालीस. आपण कधी 'मूर्ती फुटली' म्हणतो काय? 'वाढली' म्हणतो. बाबांनी तर हात मोडलेल्या मूर्तीला पण वाईट शब्द वापरला नाय कधी. मग सण चालू असताना, पूजेला बसलेल्या देवाबद्दल मी 'पडेल', 'फुटेल' असं लिहू? दोनदा लिहायला बसलो. हात चालला नाय. तेव्हा 'योग्य ती काळजी' लिहिलं. तुला ते सभ्य वाटलं. मला तेवढंच जमलं.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाय. वेल्डरकडून लोखंडी चौकटी करून घेतल्यात. पाटाखाली चौकट सरकवली की सांधा सुटायचा प्रश्नच नाय. काळुरामदादा आजच टेम्पोतून एक घेऊन गडबला निघालेत. गुपचूप बसवून येतील. काम झालं की कागद कशाला?

तुमच्या मंडळाची चौकट चार दिवसांत देतो.

तुझा,
जितेश


निडी
१ सप्टेंबर २०२५, सकाळ

चि. जितेश,

गडबला चौकट बसलेली नाही. तिथल्या मंडळाचा अध्यक्ष केरू याने काळुरामला मंडपातून परत पाठवले आणि उद्या दुपारी ते मूर्ती उचलणार आहेत. तुझ्या सहीचे स्पष्ट पत्र आज संध्याकाळच्या आत केरूच्या हाती पडले पाहिजे. पत्राचा मसुदा खाली आहे. आधी तो वाचलास तरी चालेल.

हे तुला काळुरामने सांगितले नसेल. काल परतताना तो वाटेत टेम्पोचे टायर बदलत थांबला, तिथून त्याने फोन केला तो मला. तुला करायला तो कचरत होता. केरू त्याला म्हणाला, "शेठच्या पत्रात चौकटीचं कायच लिहिलेलं नाय. पूजेला बसलेल्या देवाच्या खाली कोन येऊन लोखंड घालील आन आमी घालू देऊ? शेठला सांग, योग्य ती काळजी आमी घेतो." म्हणजे तुझे वाक्य त्याने वाचले आहे, जितेश. नीट वाचले आहे. त्याच वाक्याच्या आधाराने त्याने तुझा माणूस परतवला.

मग मी स्वतः केरूला फोन केला. पाट जोडाचा आहे, हे सांगितले. तो अदबीने बोलला. "बाई, तुमी मोठ्या. पन तुमचं आन शेठचं बोलनं बंद हाय, ह्ये पेणपासून रोह्यापर्यंत सगल्यांना म्हाईत हाय. भाव शुभेच्छा धाडतो आन बहीन म्हनते पाट कच्चा. आमी कुनाचं धरायचं?" सही केलेल्या कागदाविरुद्ध माझा तोंडी शब्द उभा होता. अशा लढतीत कागद जिंकतो, हे मीच शिकवत आले.

आता एक गोष्ट, जी मी पहिल्या पत्राच्या आरंभी लिहायला हवी होती आणि शेवटी कशीबशी कोंबली. पाटाच्या मधोमध जो दरवर्षी उभा राहतो, तो विशाल आहे. तू त्याला चहा दिलास तेव्हा तो तुझ्यासमोर बसला होता. मी त्याचे नाव लिहिले नाही, कारण लिहिले असते तर पुढचा शब्द मला सुचला नसता. तुझा हात थांबला तसाच माझाही थांबला. फरक इतकाच की मी 'असो' लिहिले आणि तू 'योग्य ती काळजी'.

परवा विशालला मी फक्त एवढे म्हटले होते, "यंदा तू खाली जाऊ नकोस."

"का गो आई?"

"सांगते म्हणून."

तो हसला. "मी नाय गेलो तर निलेश जाईल. त्याच्या आईला तू काय सांगशील, 'सांगते म्हणून'?"

काल तो तुझे उत्तर घेऊन आला, ते मी वाचले आणि मग त्याला सगळे सांगितले. तो लगेच दत्तात्रेयाला घेऊन मंडपात गेला, मीही गेले. तुझी वाट पाहीन म्हणाले होते, ती मुदत मी मोडली. पडदे लावून त्यांनी बैठकीचे कापड वर केले आणि विजेरी धरली. सांध्यात विशालच्या बोटांची पेरे सहज गेली. दत्तात्रेयाने उठून फलकाशेजारचे तुझे पत्र काढले, जरीच्या किनारीसकट, घडी केली आणि खिशात ठेवले. "बाई, ह्यात काळजी घ्या असं खरंच लिहिलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

इथल्या सगळ्यांना आता ठाऊक झाले आहे. चौकट बसल्याशिवाय निडीची मूर्ती हलणार नाही. माझ्या मुलाला मी घरात बसून सांगू शकले. गडबला पाटाखाली जो कोणी उभा राहील त्याच्या आईला सांगायला मी तिथे नाही. तिच्याकडे फक्त तुझे पत्र आहे.

तू लिहिलेस की पूजेतल्या देवाविषयी अभद्र कसे लिहू. मी रात्रभर त्यावर विचार केला, आणि तुझे म्हणणे मला पटले. बाबांचा तो संस्कार माझ्याही जिभेवर आहे. मीही 'वाढली'च म्हणते. परंतु उत्तम व्यावसायिक पत्र ज्या वस्तूत दोष आहे तिच्याचविषयी बोलते, बाकी कशालाही स्पर्श करीत नाही. दोष मूर्तीत नाही. दोष पाटात आहे, आणि पाट लाकडाचा आहे. तुझ्या पत्रात मूर्तीविषयी एक वाईट अक्षर न लिहिता सगळे खरे लिहिता येते. बघ:

'विषय: पाटाचा सांधा सुटत आहे. लोखंडी चौकट बसेपर्यंत मूर्ती जागेवरून उचलू नये.

श्री. केरू व मंडळाचे सर्व कार्यकर्ते,

आपल्या मूर्तीखालचा पाट दोन फळ्या जोडून केलेला आहे. लाकूड वाळल्यामुळे मधला सांधा उघडत आहे. टोकांना धरून उचलल्यास पाट मधोमध दुभंगेल आणि खाली उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाला धोका आहे. आमच्या कारखान्यात असाच एक पाट दुभंगला आहे.

आमचे काळुराम उद्या सकाळच्या आरतीपूर्वी लोखंडी चौकट घेऊन येतील. ती पाटाखाली बसवू द्यावी. त्याआधी कोणीही मूर्ती हलवू नये. बैठकीचे कापड वर करून सांधा आपण स्वतःही पाहू शकता.

. . . . . . . . . . . . . . . . . . .

हे पत्र मिळाल्याचे मला आजच फोनवर कळवावे.

जितेश'

ठिपक्यांची ओळ मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. चूक कोणाची, हे वाक्य तिथे यायचे आहे. मी ते लिहू शकते. अशी वाक्ये मी विद्यार्थ्यांकडून शेकडो वेळा लिहून घेतली आहेत. पण ते दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले असले की वाचणाऱ्याला लगेच कळते. केरूला तर नक्की कळेल. त्याला तुझ्या शुभेच्छांवर भरवसा आहे. त्याच माणसाचा हा कागद आहे, हे त्याला त्या एका ओळीतून ओळखू येईल. ती ओळ नसेल तर तो विचारेल, शेठने पाट धाडला आणि आता शेठच म्हणतो उचलू नका, मध्ये काय झाले? त्या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल तर तो पुन्हा स्वतःचेच उत्तर काढील.

पुढच्या वर्षी दारात कोण येईल, हे मला सांगता येत नाही. धंद्याचे तुला माझ्याहून जास्त कळते. बावीस जणींची चिंता खोटी नाही, ती मी हसण्यावारी नेत नाही. एवढेच सांगते की काल दत्तात्रेय माझ्याशी जे बोलला, ते त्याने तुझ्या सहीच्या पत्रातून वाचले असते तर तो तुला फोन करून चिडला असता, आणि चौकट मागितली असती. चिडलेला माणूस पुन्हा येतो. ज्याने घडी करून खिशात ठेवले, त्याच्याविषयी मला खात्री नाही.

पत्रिकेवर लाल पेन मारला, ते मी पुन्हाही मारीन; मुलीच्या सासऱ्यांचे नाव चुकले होते. या पत्रावर मात्र मी पेन टेकवणार नाही. तू लिहिशील तसे जाऊ दे.

विशाल हे घेऊन निघतो आहे. तो म्हणतो, "मामाचं पत्र नाय गेलं तर मी सकाळीच गडबला जाऊन पाटासमोर बसतो." मी म्हटले, "ते तुला उचलून बाजूला ठेवतील आणि मग मूर्ती उचलतील." तो म्हणाला, "मग मी खाली जाऊन उभा राहीन, मधोमध. भाच्याला खाली बघून तरी मामा लिहील." तो हे हसत म्हणाला. मला हसता आले नाही.

पत्र लिहून झाले की पाठवण्याआधी एक चाचणी घे. सोपी आहे, कोणत्याही पत्राला लागू पडते. कारखान्यातल्या ज्याला यातले काही ठाऊक नाही, अशा एकाला बोलव. पत्र त्याला एकदाच, सावकाश, मोठ्याने वाचून दाखव आणि कागद उलटा ठेव. 'समजलं का?' असे विचारू नकोस. 'समजलं' हे उत्तर माणसे समोरच्याचा मान राखायला देतात. विचार, "तू गडबला असतास, तर उद्या सकाळी काय केलं असतंस?" तो म्हणाला, "चौकट येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नसता," तर विशालच्या हाती पत्र दे आणि त्याला लगेच निघू दे. तो म्हणाला, "चांगलं लिहिलंय, शेठ," तर ते फाड आणि पुन्हा लिहायला बस.

विशालची आई,
तुझी नमिताताई